गरी

शाळेच्या मागच्या भिंतीला खिळे ठोकून चादर ताणली,
पोषण आहाराच्या खोलीतून वायर ओढली,
दोनशेचा बल्ब.
आठ वाजता पहिला आला.
साडेआठनंतर मी मोजणं सोडून दिलं.

वहीत असं लिहिलंय:
एक. करडा, बोटाच्या पेराएवढा.
दोन. करडा.
तीन. करडाच, पण बसताना पंखांचं कौलारू छप्पर करतो.
चार. हा सपाट बसतो, पाकिटावरच्या तिकिटासारखा.
अकरा. झिजलेला. खवले गळून गेलेत,
स्वतःचं नाव कुठेतरी घासून आलाय,
जांभळीच्या सालीवर, नाहीतर कुणाच्या कंदिलावर.

पुस्तक म्हणतं, रंगाच्या नादी लागू नका, शिरा मोजा.
मधल्या कप्प्यातून तीन फाटे निघतात,
त्यातला दुसरा वरच्याकडे झुकलाय की खालच्याकडे, ते बघा.
तेवढ्यावर आख्खं कूळ बदलतं.
मग पंख उलटा करा.
मागच्या पंखाच्या बुडाशी एक ताठ केस असतो,
पुढच्या पंखाच्या पोटात त्याच्यासाठी एक कडी.
केस कडीत अडकतो
आणि चार पंख दोन होऊन उडतात.
नराला असा एकच, मादीला दोन-तीन, कधी जास्त.
त्या केसाला मराठीत काय म्हणायचं,
मला सापडलं नाही.

दहाच्या सुमाराला फुलवंताबाई मारबते आल्या,
हातात टॉर्च, पायात मुलाचे बूट.
"बल्ब बंद करा जी, गुरुजी.
माया माद्या टोपल्यात वाट पाहून रायल्या,
अन् नर तुमच्या चादरीवर."
खरंच होते. तीन.
तळहातापेक्षा मोठे, विटकरी,
डोक्यावर कंगवे.
त्यांनी पंख मिटवून, बुडाशी धरून
एकेक उचलला आणि पदरात घेतला.
कोसा त्यांच्या घरात सासूच्या सासूपासून.

मी बल्ब बंद केला. टॉर्चच्या उजेडात भिंग दिलं,
अकराव्याचा पंख काडीने वर धरला.
त्यांनी एक डोळा मिटला, बराच वेळ मिटलेलाच ठेवला.
"गरी आहे हे," म्हणाल्या. "मासोळीची गरी."
मग पदरातला एक काढून स्वतःच उलटा केला.
"याले नाही."
नव्हतीच.
मागचा पंख खांद्याशी रुंद झालेला,
पुढचा त्याच्यावर नुसता टेकलेला.
पुस्तकात हे पान दोनशे चौदावर आहे.
"याले तोंडबी नाही," त्या म्हणाल्या,
"चार-पाच दिवसाचा पाहुना. खात नाही, पेत नाही."

सकाळी त्यांच्या छपरीत गेलो.
जोडी सुटली की मादीचे पंख कात्रीने कापतात,
मग उडत नाही, दोण्यात बसून अंडी घालते.
कुठून कापायचं ते त्या न बघता कापतात,
शिरा जाड असतात त्याच्या बोटभर पुढे.
"मंधातून कापलं त ओल येते,
मंग ते तडफडते."
चाळीस वर्षं.
कोपऱ्यात सुपात पंखांचा ढीग,
वारा आला की वरचे चार-दोन हलायचे.
"घेऊन जा. पोरायले दाखवा."

शाळेत पेपर पसरून एक ठेवला.
स्पिरिटची फुली ओढली तेव्हा खवले विझले,
शिरा वर आल्या,
वैनगंगेला मिळणाऱ्या नाल्यांचा नकाशा असावा तशा.
पंखाच्या मध्यावर डोळा,
डोळ्याच्या मध्यावर खवलाच नाही, काच आहे.
सहावीतली वैशू दिघोरे खाली वाकली.
"गुरुजी, आतमंधी ळ हाये."
पेपरातलाच ळ. कुठल्या शब्दातला,
ते पंखाखाली झाकलं होतं.
तिने पंख सरकवला नाही.

अकराव्यासमोर जागा अजून कोरी आहे.
केसाच्या बाणाशी मात्र मी लिहिलं: गरी.
आणि पहिल्या पानावर, लाल पेनाने:
बल्ब लावण्याआधी
फुलवंताबाईंना विचारणे.